थान्यातला सोबती: तीन दिवसांचं शिबिर की सहा महिन्यांचा सराव?

इंदूरच्या एखाद्या थान्यातले (पोलीस ठाण्यातले) चार-पाच जण सहकाऱ्यांच्या मनावरचा ताण ऐकून घेणारे 'सोबती' म्हणून तयार करायचे, तर दोन मार्ग आहेत: तीन दिवसांचं सलग शिबिर, किंवा एक दिवस शिकवून पुढे सहा महिने दर पंधरवड्याला दोन तासांची बैठक.

शिबिराला माणसं एकदाच सोडावी लागतात. रंगपंचमीच्या गेरची मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, मधे नेत्यांचे दौरे, अशा बंदोबस्तात टीआयसाठी (थान्याच्या प्रमुखासाठी) ही मोठीच सोय. जागतिक आरोग्य संघटनेचा मानसिक प्रथमोपचार (पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या) दिवसभरात शिकता येतो आणि भीषण अपघात हाताळून आलेल्या सहकाऱ्याला त्या रात्री सावरायला तो उपयोगी पडतो.

पण नोकरीचा ताण एका रात्रीचा नसतो. बढती अडकते, विभागीय चौकशी लांबते, सुट्टी ऐनवेळी रद्द होते. आरक्षक (पोलीस शिपाई) म्हणतो, "सगळ्यांसमोर झापलं, वर्दी घालावीशी वाटत नाही." सोबती चटकन म्हणतो, "सोड रे, सगळ्यांनाच झापतात." झालं, समोरचा गप्प! ही सवय तीन दिवसांत जात नाही. बैठकीत असा प्रसंग नाव न घेता मानसशास्त्रज्ञासमोर मांडला, पुन्हा बोलून पाहिला, की हळूहळू जाते. सोबत्यालाही स्वतःचं मन मोकळं करायला जागा मिळते.

सर्वांत अवघड प्रश्न आत्महत्येचा. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही भीती चुकीची आहे. ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याला तर थेट विचारायलाच हवं. होकार आला तर त्याला एकटं सोडायचं नाही, शस्त्र जमा करवायचं, डॉक्टरकडे न्यायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 पाठ हवा. हे तोंडून नीट निघायला सराव लागतो.

गोपनीयतेत दोन्ही मार्ग सारखेच कच्चे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली गोपनीयतेची जबाबदारी उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर आहे. सोबती त्यात येत नाही. म्हणून जिवाला धोका सोडून बाकी काही वर सांगायचं नाही, असा लेखी आदेश आधी काढून घ्या. सोबती सहकाऱ्यांनीच सुचवलेले असावेत, आणि एखादा मराठी बोलणाराही. घरचं दुखणं घरच्या भाषेत पटकन निघतं.

माझा कौल सरावाला. पंधरवड्याला मानसशास्त्रज्ञ मिळणारच नसेल तर शिबिर घ्या, मात्र त्या माणसांवर प्रथमोपचारापलीकडचं काम टाकू नका.