बिघडलेला हंगाम: संघ विकायचा, सावरायचा की तसाच ठेवायचा?

ऑक्टोबरमध्ये प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) नक्की वाटत होतं आणि जानेवारी संपत आला तरी तुमचा संघ दहाव्या-अकराव्या जागेवर घुटमळतोय. ट्रेडची, म्हणजे संघांनी आपसांत खेळाडूंची अदलाबदल करण्याची, मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते. तोवर तीनपैकी एक काहीतरी ठरवावं लागतं. मोठे खेळाडू देऊन टाकायचे आणि ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले हक्क) गोळा करायच्या, एखाद-दुसरा नेमका खेळाडू आणून संघ सावरायचा, की आहे त्याच मंडळींवर भरवसा ठेवायचा. एनबीए ही उत्तर अमेरिकेतली बास्केटबॉल लीग मनापासून पाहणाऱ्या कुणालाही हा वाद चुकलेला नाही. त्यात बाजू घ्यायची असेल तर ऑरलँडो मॅजिक, शिकागो बुल्स, टोरांटो रॅप्टर्स आणि बॉस्टन सेल्टिक्स हे चार संघ शेजारी शेजारी ठेवून पाहा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. संघ तक्त्यात कितवा आहे, हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. आधी बघायचं ते मुख्य खेळाडूंच्या करारांची किती वर्षं उरली आहेत. बहुतेक संघ फसतात ते तिथे.

एकच व्यवहार, दोन टोकं

२०२०-२१ चा हंगाम ऑरलँडोने पहिल्या आठ सामन्यांत सहा विजय मिळवून सुरू केला होता. जोनाथन आयझॅक गुडघ्याच्या दुखापतीमुळे आधीच बाहेर होता. जानेवारीत मार्केल फुल्ट्झचाही गुडघा गेला आणि संघ घसरत गेला. त्या वर्षी ट्रेडची मुदत मार्चमध्ये होती. २५ मार्च २०२१ या एकाच दिवशी ऑरलँडोने आपले तीन प्रमुख खेळाडू तीन वेगवेगळ्या संघांना देऊन टाकले.

या तीन व्यवहारांत काय मिळालं ते नीट बघा. निकोला वुचेविच त्या वर्षीचा ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांपैकी एक, होता आणि त्याच्या कराराचे आणखी दोन हंगाम बाकी होते. त्याच्या बदल्यात शिकागोने वेंडेल कार्टर, ऑटो पोर्टर आणि पहिल्या फेरीच्या दोन पिक दिल्या. एरन गॉर्डनच्या कराराचा एक हंगाम बाकी होता. त्याच्यासाठी डेन्व्हरने गॅरी हॅरिस, आर. जे. हॅम्प्टन आणि पहिल्या फेरीची एक पिक दिली. एव्हान फोर्निएचा करार त्याच उन्हाळ्यात संपणार होता. तो बॉस्टनला गेला आणि ऑरलँडोच्या हाती जेफ टीगसह दुसऱ्या फेरीच्या दोन पिक पडल्या. टीगला तर त्यांनी लगेच मोकळं केलं. तिघांच्या खेळाच्या दर्जात फरक होताच, नाही असं नाही. पण भाव उतरत गेला तो बरोबर करारांच्या उरलेल्या वर्षांबरहुकूम: दोन, एक, शून्य. या निर्णयाचा याहून स्वच्छ धडा मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

पुढे काय झालं? ऑरलँडोने तो हंगाम २१ विजय आणि ५१ पराभवांवर संपवला. ड्राफ्टमध्ये स्वतःच्या पाचव्या पिकवर जेलन सग्ज घेतला आणि शिकागोकडून आलेल्या आठव्या पिकवर फ्रान्झ वॅग्नर. पुढच्या वर्षी फक्त २२ विजय, पण ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पहिली पिक लागली आणि पाओलो बँकेरो मिळाला. त्यानंतर ३४ विजय, मग २०२३-२४ मध्ये ४७ आणि प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडशी सातव्या सामन्यापर्यंत झुंज. मोडलेला संघ उभा राहायला साधारण तीन वर्षं लागली. गॉर्डन मधल्या काळात, २०२३ मध्ये, डेन्व्हरकडून अजिंक्यपद जिंकला. तेव्हा ‘बघा, आपलाच माणूस!’ म्हणून हळहळणारे बरेच होते. पण ऑरलँडोत राहून ते विजेतेपद ऑरलँडोला मिळालं नसतं. तो आधीच तयार असलेल्या संघातला अचूक चौथा-पाचवा माणूस ठरला.

आता शिकागो. विकत घेणारा संघ म्हणून त्यांचं पहिलं वर्ष छान गेलं. डीमार डीरोझन आणि लोंझो बॉल आले आणि २०२१-२२ मध्ये ४६ विजयांसह २०१७ नंतर पहिल्यांदा संघ प्लेऑफमध्ये पोहोचला. त्याच हंगामात जानेवारी २०२२ मध्ये बॉलचा गुडघा दुखावला. पुढचे दोन्ही हंगाम तो एकही सामना खेळू शकला नाही. संघाची सगळी रचना त्याच्या बचावावर आणि पासिंगवर बेतलेली होती. अशा वेळी व्यवस्थापनाने काय करावं? २०२२, २०२३ आणि २०२४ अशा सलग तीन मुदती शिकागोने एकही ट्रेड न करता जाऊ दिल्या. पुढच्या तीन हंगामांचे विजय-पराभव: ४०-४२, ३९-४३ आणि मग पुन्हा ३९-४३.

एका हंगामापुरतं थांबणं मी समजू शकतो. जायबंदी खेळाडू परत येईल ही आशा खोटी नव्हती. पण दुसऱ्या वर्षीही तेच? डीरोझनच्या कराराची वर्षं संपत आली, वुचेविचला २०२३ च्या उन्हाळ्यात तीन वर्षांसाठी सहा कोटी डॉलर देऊन ठेवून घेतलं, आणि झॅक लॅव्हीनचा पाच वर्षांचा मोठा करार असा झाला की त्याला घ्यायला फारसं कुणी पुढे येईना. इथे माझ्या नियमाला एक जोड द्यावी लागते. उरलेली वर्षं भाव वाढवतात, पण पगार खेळाला साजेसा असेल तरच. नाहीतर तीच वर्षं गळ्यातलं लोढणं होतात. लॅव्हीन अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅक्रामेंटोला गेला. त्यातून शिकागोला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट होती त्यांचीच पहिल्या फेरीची पिक, जी डीरोझनला आणताना त्यांनी सॅन अँटोनियोला देऊन टाकली होती.

टोरांटो: योग्य निर्णय, पण उशिरा

टोरांटोची गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते, कारण तिथे निर्णय चुकला नाही, वेळ चुकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये संघ निम्म्याच्या आसपास रेंगाळत होता. फ्रेड व्हॅनव्लीट, पास्कल सियाकाम आणि ओजी अनुनोबी या तिघांनाही चांगला भाव आला असता. व्यवस्थापनाने उलट दिशा धरली. सॅन अँटोनियोकडून याकोब पर्टल आणला आणि त्यासाठी २०२४ ची पहिल्या फेरीची पिक देऊ केली. अट एवढीच, की ती पहिल्या सहांत आली तर टोरांटोकडे राहील.

हंगाम ४१-४१ वर संपला. प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यात, गाठ पडली शिकागोशी, आपल्या घरच्या मैदानावर. १९ गुणांची आघाडी हातात असताना सामना १०५-१०९ असा गेला. ३६ फ्री-थ्रोपैकी १८ हुकले! त्या उन्हाळ्यात व्हॅनव्लीट ह्यूस्टनला निघून गेला आणि टोरांटोला बदल्यात काहीही मिळालं नाही. मग पुढच्या हंगामात घाईघाईने सगळं सुरू झालं. ३० डिसेंबर २०२३ ला अनुनोबी न्यूयॉर्कला, आणि आर. जे. बॅरेट व इमॅन्युएल क्विक्ली टोरांटोला. जानेवारीत सियाकाम इंडियानाला, बदल्यात पहिल्या फेरीच्या तीन पिक.

तीन पिक ऐकायला भरघोस वाटतात. शिवाय सियाकामच्या कराराचे जेमतेम काही महिने उरले होते, म्हणजे माझ्या नियमाला हा अपवाद वाटेल. पण २०२४ च्या ज्या दोन पिक त्यात होत्या, त्या एकोणिसाव्या आणि एकोणतिसाव्या क्रमांकावर आल्या. सियाकामच्या दर्जाच्या खेळाडूची ही किंमत कमीच. २०२५ मध्ये तो इंडियानाला अंतिम फेरीत घेऊन गेला आणि पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पर्टलसाठी दिलेल्या पिकचं काय? टोरांटो २५-५७ वर थांबला. तळातून सहावा. म्हणजे पिक वाचण्याची शक्यता निम्म्याहून थोडी कमी. लॉटरीत संघ आठव्या क्रमांकावर घसरला आणि पिक सॅन अँटोनियोला गेली. वाईट हंगामही भोगला आणि त्याचं फळही दुसऱ्याच्या ताटात गेलं.

बॉस्टन: कमी बदल, पण नेमके

६ जानेवारी २०२२. न्यूयॉर्कमध्ये बॉस्टनने २५ गुणांची आघाडी घालवली आणि शेवटच्या क्षणी आर. जे. बॅरेटने लांबून टाकलेला चेंडू बोर्डाला लागून आत गेला. बॉस्टन १८-२१. जेसन टेटम आणि जेलन ब्राउन यांची जोडी फोडा, अशी मागणी जोरात होती.

इथे करार आणि वय पाहा. टेटम २३ वर्षांचा, ब्राउन २५ वर्षांचा, आणि दोघेही निदान २०२४ पर्यंत करारबद्ध. प्रशिक्षक इमे उडोका यांचं पहिलंच वर्ष. म्हणजे हातात वेळ होता, विकण्याची कसलीच घाई नव्हती. बॉस्टनने १० फेब्रुवारीला सॅन अँटोनियोकडून डेरिक व्हाइट घेतला, ज्याचा करार २०२५ पर्यंत होता. त्यासाठी जॉश रिचर्डसन, रोमिओ लँगफर्ड, पहिल्या फेरीची एक पिक आणि २०२८ मध्ये पिक बदलून घेण्याचा हक्क दिला. एका वर्षाच्या करारावर आलेला डेनिस श्रोडर ह्यूस्टनला गेला आणि डॅनियल थाइस परत आला.

एवढेच बदल. १८-२१ नंतर बॉस्टनने ३३ सामने जिंकले आणि फक्त १० गमावले, ५१-३१ वर हंगाम संपवला, अंतिम फेरीत गोल्डन स्टेटकडून २-४ असे हरले. २०२४ मध्ये व्हाइटसह अजिंक्यपद. सावरण्याचा मार्ग निवडायचा तर असा: घेतलेला माणूस या वसंतापुरता नको, पुढची दोन-तीन वर्षं संघात राहणारा हवा. मार्च १ पूर्वी दुसऱ्या संघाने मोकळा केलेला अनुभवी खेळाडू उचलणं किंवा दहा दिवसांच्या करारावर कुणाला आणणं, याने बाकावरची जागा भरते. हंगाम फिरत नाही. शिकागोने २०२३ मध्ये पॅट्रिक बेव्हर्ली असाच आणला होता. खेळला जीव तोडून, पण हंगाम संपला ४०-४२ वरच.

हरण्यावर किती भिस्त ठेवायची?

‘सगळं विका आणि तळाला जा’ म्हणणाऱ्यांनी लॉटरीचे निकाल समोर ठेवावेत. २०१९ च्या लॉटरीपासून सर्वांत वाईट तिन्ही संघांना पहिल्या पिकची शक्यता सारखीच, १४ टक्के, मिळू लागली आणि सर्वांत तळचा संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो. डेट्रॉइटने २०२२-२३ मध्ये १७ आणि २०२३-२४ मध्ये १४ विजय मिळवले, त्यात सलग २८ पराभवांची माळ. दोन्ही वेळा पिक आली पाचवी. पुढच्या वर्षी तो संघ ४४ विजयांवर पोहोचला, त्यात नव्या प्रशिक्षकाचा आणि टोबायस हॅरिस, मलिक बीझली यांच्यासारख्या अनुभवी माणसांचा वाटा मोठा होता. याउलट २०२५ मध्ये १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला कूपर फ्लॅग मिळाला. डॅलसचा तो हंगामही ३९-४३ असाच होता, अगदी शिकागोसारखा.

म्हणून विकायचं ते मुळात दुसऱ्या संघांच्या पिक आणि तरुण खेळाडू मिळवण्यासाठी. ऑरलँडोचा वॅग्नर शिकागोच्या पिकमधून आला, हे विसरू नये. स्वतःचे पराभव हा वरचा फायदा, तोही नशिबाने.

मग तुमच्या संघाने काय करावं?

मुख्य दोन खेळाडू पंचविशीच्या आतबाहेर आणि तीनेक वर्षं करारबद्ध असतील, तर जोडी फोडण्याच्या मागणीत सामील होऊ नका. बॉस्टनसारखा एक नेमका माणूस मागा.

मुख्य खेळाडू तिशीला आलेला आणि कराराचं दीड-दोन वर्षं उरलेलं असेल, तर याच फेब्रुवारीत विकावं, मग संघ आठवा का असेना. चाहत्यांना हे सर्वांत जड जातं, कारण तो माणूस लाडका असतो आणि अजून चांगलाच खेळत असतो. पण चांगला खेळतोय तोवरच त्याला भाव आहे. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तो गॉर्डनचा फोर्निए होईल, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात व्हॅनव्लीट. मोठी दुखापत झाली असेल तर एक मुदत थांबा. दुसरी नको.

आणि एक गोष्ट सगळ्यांत आधी तपासा: तुमच्या संघाची पहिल्या फेरीची पिक आहे कुणाकडे? फीनिक्सने केविन ड्युरंटसाठी पहिल्या फेरीच्या चार विनाअट पिक दिल्या होत्या. २०२४-२५ मध्ये संघ ३६-४६ वर कोसळला तेव्हा त्या वर्षीची पिक ह्यूस्टनकडे पोहोचली होती, म्हणजे हरण्यातही काही मिळणार नव्हतं. पगारखर्च ‘दुसरा एप्रन’ नावाच्या लीगच्या वरच्या खर्चमर्यादेपलीकडे असल्याने दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणणं नियमाने बंद. ब्रॅडली बीलकडे तर ट्रेड नाकारण्याचा हक्कच होता. अशा संघाकडून फेब्रुवारीत चमत्काराची मागणी करण्यात अर्थ नाही, त्याचा निर्णय उन्हाळ्यातच होतो. फीनिक्सचाही तसाच झाला: ड्युरंट ह्यूस्टनला गेला, आणि बदल्यात जे आलं त्यात जेलन ग्रीन आणि डिलन ब्रूक्स यांच्यासोबत त्यांचीच ती दहाव्या क्रमांकाची पिक होती.