दात काढताना हाड राखायचं की खड्डा तसाच भरू द्यायचा?

वडिलांची खालची दाढ काढली तेव्हा आम्ही एवढंच विचारलं, 'कळण्याची भाकरी कधीपासून चालेल?' हाडाचं काय, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मग कापसाची वेचणी, लग्नसराई असं करत दोन वर्षं गेली. इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात लावायला, अमळनेरहून जळगावला जाऊन स्कॅन काढला, तर हाडाची कड सुरीच्या धारेसारखी निमुळती झालेली. आधी हाड वाढवायचं वेगळं ऑपरेशन करावं लागलं. म्हणून कळकळीने सांगते, हा निर्णय दात काढायच्या आधी घ्या.

खड्डा तसाच सोडला तर जादा खर्च नाही, हिरडीही काही आठवड्यांत मिटते. पण आत हाड झिजत असतं. वर्षभरात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या 3 महिन्यांतच होते. गालाकडची, ओठाकडची भिंत पातळ, ती आधी जाते. इम्प्लांट करायचंच नसेल तर मात्र हाड राखायला खड्डा भरून घ्यायचा आग्रह मी धरणार नाही.

भरून घ्यायचं तर ते दात काढतानाच होतं. आईचा वरचा समोरचा दात काढला तेव्हा मी शेजारीच उभी होते. खड्डा खरवडून साफ केला, तिच्याच रक्तात भिजवलेले ग्राफ्टचे, म्हणजे हाडाच्या जागी भरायचे दाणे, ओल्या रव्यासारखे, त्यात दाबून भरले, वर कोलॅजनचा पातळ पडदा ठेवून टाके घातले. मग साधारण 4 ते 6 महिने थांबायचं. यानेही झीज पूर्ण थांबत नाही, कमी होते. 'हाड जसंच्या तसं राहील' असं कोणी म्हटलं तर मानू नका. हे दाणे बऱ्याचदा गाईच्या हाडापासून बनवलेले असतात. ते चालणार नसेल तर आधीच सांगा, कृत्रिमही मिळतात. वरच्या समोरच्या दाताला ओठाकडची भिंत बहुतेक वेळा 1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, तिथे मी भरूनच घेईन.

दात काढल्याबरोबर इम्प्लांट बसवला तर एक ऑपरेशन वाचतं. त्यासाठी स्क्रू घट्ट धरेल एवढं हाड हवं. इम्प्लांट बसला म्हणून झीज थांबते, असंही नाही.

काहीही निवडा, तंबाखू आणि बिडी बंद हवी, साखर आटोक्यात हवी. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, तर दाताला हात लावू देण्याआधी डॉक्टरांना सांगा.