हॉस्पिटल बेड घरी भाड्याने: चार महिन्यांचा अनुभव (कर्वेनगर, पुणे)

सासूबाईंना पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू गेली, आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले घरी फाउलर बेड (हँडल फिरवून पाठ वर-खाली करता येते तो हॉस्पिटलचा बेड) लावून घ्या. म्हणजे आमच्या हातात एक संध्याकाळ. पेठेतल्या एका सर्जिकलवाल्यांकडून भाड्याने घेतला. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक झाली ती त्यांचीही आणि आमचीही, आणि त्यांनी ती लगेच निस्तरली. पाचपैकी साडेतीन स्टार.

आधी चांगलं सांगते. फोनवर दुकानातल्या काकांनी पहिलं काय विचारलं तर, "ताई, दार किती फुटी आहे?" आमचं बेडरूमचं दार अडीच फुटी, बेड तीन फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. ते म्हणाले सुटा करून आडवा घालून नेऊ हो आत, पण दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील का ते बघा, एका बाजूला भिंत आली की कूस बदलताना तुमचीच कंबर जाईल. मग हॉलमध्ये लावला, सोफा शेजारच्यांकडे ठेवला. चार महिने रोज दर दोन तासांनी कूस बदलताना काकांची आठवण काढलीये मी.

सेमी घ्यायचा की फुल हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. सेमी फाउलरला फक्त पाठ वर होते, फुलला पायाकडे दोन हँडल असतात, एक पाठीचं, एक गुडघ्याचं. भाड्यात थोडाच फरक होता, फुलच घ्या. नुसती पाठ उचलली की माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड सरकतं, माकडहाडापाशी बेडसोर व्हायला तेवढं पुरतं. म्हणून आधी गुडघे थोडे वर, मग पाठ, आणि खाली घेताना आधी पाठ. हे आम्हाला फिजिओ मॅडमनी शिकवलं, बेड लावणाऱ्या मुलांनी सांगितलंच नाही. घसरलेल्या पेशंटला काखेत हात घालून वर ओढायचं नाही हेही मॅडमनीच सांगितलं, लुळ्या बाजूचा खांदा निखळतो. आईंच्या जुन्या नऊवारीची घडी कमरेखाली घालून ठेवायचो आणि दोघांनी दोन्हीकडून धरून वर सरकवायचो.

आता चूक. रात्री साडेआठला दोन मुलं आली, लिफ्ट नसताना दुसऱ्या मजल्यावर सगळं चढवलं, पंधरा मिनिटांत नटबोल्ट आवळून गेली. आम्ही दमलेलो, सही केली. तिसऱ्या रात्री पावणेतीनला टक टक टक असा आवाज आला, मला आधी वाटलं खिडकी आपटतीये. आई उजव्या हातातली पाटली रेलिंगवर आपटत होत्या. त्यांचा डावा हात कोपरापर्यंत गादी आणि रेलिंगच्या मधल्या फटीत गेलेला, त्या हाताला जाणीव कमी त्यामुळे कधी गेला तेही कळलं नाही, आणि हाक मारायला शब्द फुटत नव्हता. हात हळूच काढला, बोटं गार पडली होती, दंडावर रेलिंगचा लाल वळ. मला आजही तो आवाज आठवला की पोटात गोळा येतो.

गादी दुसऱ्याच बेडची होती, चांगली चार बोटं अरुंद, आणि त्या बाजूच्या रेलिंगची खिट्टी ढिली, ढकललं की रेलिंग बाहेर झुकायचं आणि फट अजून वाढायची. नंतर वाचलं की अमेरिकेच्या एफडीएने 2006 सालीच यावर मार्गदर्शक सूचना काढल्यात, डोकं अडकू नये म्हणून रेलिंगच्या दांड्यांमधली आणि गादी-रेलिंगमधली फट 120 मिलिमीटरपेक्षा कमी हवी. हात तर त्याहून कितीतरी लहान फटीत जातो, तेव्हा गादी रेलिंगला टेकलेलीच हवी. सकाळी काकांना व्हिडिओ पाठवला, अकराच्या आत मुलगा नवी गादी घेऊन हजर, खिट्टी बदलली, जादा पैसे नाहीत. हे मान्य करायलाच हवं.

पण मुलं घरात असतानाच सगळं तपासा हो, प्लीज. रेलिंग वर करून अंगाने ढकलून बघा, गादी दाबून कडेला हात घालून बघा, ब्रेक लावून बेड ढकला (आमच्या मोझाइक फरशीवर तो ब्रेक लावूनही सरकत होता, एक चाक बदलून घेतलं), दोन्ही हँडल पूर्ण फिरवा आणि नंतर आत दुमडतात का बघा, नाहीतर येताजाता नडगीवर बसतं. आणि ज्यांना भ्रम होतो, उठून जायला बघतात, त्यांच्यासाठी रेलिंग म्हणजे सुरक्षितता असं धरून चालू नका, रेलिंगवरून चढून जायला गेले तर जास्त उंचीवरून पडतील. डॉक्टरांना विचारा.

एअर मॅट्रेस (बेडसोर होऊ नयेत म्हणून वर घालायची, पंपाने हवा भरणारी गादी) आम्ही भाड्याने न घेता नवीनच घेतली. वर एकच सुती चादर, सैल. रबर शीट आणि चार घड्यांची गोधडी घातली की हवेचा उपयोगच राहत नाही. पंप वीज फार खात नाही, इन्व्हर्टरवर लावून ठेवा, गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते तेव्हा गादी बसायला लागते. मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलणं मात्र थांबवायचं नाही. आणि जेवताना पाठ सरळ वर, नंतर अर्धा तास तशीच, नाहीतर ठसका लागून अन्न फुप्फुसात जातं.

तिसऱ्या महिन्यात आई कडेला बसायला लागल्या तेव्हा कळलं बेड उंच पडतोय, दोन गाद्यांवर त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. मी स्टूल ठेवणार होते, फिजिओ मॅडम ओरडल्याच. काकांनी तीन हँडलचा, उंची कमीजास्त होणारा बेड बदलून दिला, फक्त भाड्यातला फरक घेतला. पेशंट पुढे चालेल अशी आशा असेल तर पहिल्या दिवशीच तो मागा.

परवा बेड परत गेला. आई आता वॉकर घेऊन बाल्कनीपर्यंत जातात. डिपॉझिट दुसऱ्या दिवशी पूर्ण जीपेवर आलं, आणि एअर मॅट्रेस पुसून, वाळवून ठेवलीये, समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांकडे उद्या पोचवायची आहे.