काळ्या प्राइमरखाली: धातूच्या 'सिस्टर्स' घेताना आम्ही कसे फसलो

'वॉरहॅमर ४०,०००' या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या छोट्या मूर्ती इंग्लंडमधल्या ज्या नॉटिंगहॅममध्ये तयार होतात, त्याच शहरात आम्ही राहतो. आणि इथेच घरबसल्या आम्ही नकली मूर्तींना २६० पौंड मोजले. या खेळातल्या लढवय्या नन्सची, म्हणजे सिस्टर्स ऑफ बॅटलची, जुनी धातूची सेना घ्यायचं कुणाच्या मनात असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

माझी लेक सतरा वर्षांची आहे. या नन्सवर तिचा फार जीव. खेळाच्या कथेतल्या गोज व्हॅन्डायर नावाच्या जुलमी सत्ताधीशाची गोष्ट तिने मला जेवताना सांगितली होती. त्याच्याच पदरी असलेल्या स्त्रियांना सत्य कळलं आणि त्यांच्यातल्या ॲलिशिया डॉमिनिकाने त्याचं मुंडकं उडवलं. पुढे धर्मसंस्थेला 'शस्त्रधारी पुरुष' बाळगायची बंदी झाली. फर्मानात स्त्रियांचं नाव नव्हतं, म्हणून ही सेना टिकली. हे सांगताना तिचे डोळे चमकत होते. प्लास्टिकच्या नव्या सिस्टर्स, २०१९च्या अखेरीस आलेल्या, तिच्याकडे आहेत. तिला हव्या होत्या त्या १९९७च्या सुमाराच्या, धातूच्या. दुकानात त्या आता मिळत नाहीत, म्हणजे जुन्या खेळाडूंकडूनच घ्यायच्या.

एकाने तीस मूर्ती विकायला काढल्या होत्या. फोटोत उघडा, चकचकीत धातू. बोलणं इतकं मायेचं की शंका आली नाही. "मुलीसाठी घेताय ना? मी प्राइमर मारूनच पाठवतो, तिची मेहनत वाचेल." प्राइमर म्हणजे रंगवण्याआधी मारायचा तळाचा थर, म्हणून आम्हाला बरंच वाटलं. पैसे 'मित्र-नातेवाईक' या पर्यायाने पाठवा, फी वाचेल, असंही तो म्हणाला. मी तसंच केलं.

पार्सल लेकीनेच उघडलं. एक मूर्ती तळहातावर घेऊन ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाबा, ही हलकी आहे."

तीस धातूच्या मूर्तींचा खोका उचलताना मनगटाला ओढ जाणवायला हवी होती. ती मला दारातच जाणवली नव्हती, पण मला काय ठाऊक! तिने सुरीच्या टोकाने पायाखालच्या पट्टीवरचा काळा रंग खरवडला. आत चंदेरी काही नव्हतं, पिवळट रेझिन होतं, साच्यात ओतून घट्ट करतात तो हलका पदार्थ. खऱ्या मूर्तीवरून साचा घेऊन ओतलेल्या या नकला. खेळाडू त्यांना रिकास्ट म्हणतात. बोल्टरच्या, म्हणजे त्यांच्या बंदुकीच्या, नळीच्या तोंडाशी बुडबुड्यांची भोकं, चेहरे पुसट, माळेचे मणी एकमेकांत विरघळलेले. तिच्या मैत्रिणीकडची एक खरी सिस्टर शेजारी ठेवली, तर आमची किंचित बुटकी निघाली. रेझिन घट्ट होताना आकसतं, म्हणून नक्कल मूळ मूर्तीपेक्षा लहान होते.

पट्टीवर साल आणि कंपनीचं नाव असतं, ते बघून घ्या असं लोक सांगतात. आमच्या मूर्तींवरही ते होतं, कारण साचा त्या अक्षरांचीही नक्कल करतो. लोहचुंबकाचाही उपयोग नाही, त्या खऱ्या मिश्रधातूला तो चिकटतच नाही. उपयोग होतो तो वजनाचा. हा धातू रेझिनच्या पाच-सहापट जड असतो. विकणाऱ्याकडून मूर्ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलेला फोटो मागा, सोबत त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद असू द्या. प्राइमर आधीच मारलेला असेल, तर एका मूर्तीची पट्टी खरवडून दाखवायला सांगा. आणि कुणी म्हणालं की जुन्या सिस्टर्स रेझिनमध्येही निघाल्या होत्या, तर सावध व्हा. २०११ पासून कंपनीने धातूच्या बऱ्याच मूर्ती रेझिनमध्ये काढल्या, पण पथकातल्या साध्या सिस्टर्स प्लास्टिक येईपर्यंत धातूच्याच राहिल्या. प्लास्टिकच्या नव्या मूर्तींची पारख वेगळी: प्लास्टिक सिमेंट हा गोंद खऱ्या मूर्तींच्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकला वितळवून सांधतो, रेझिनला तो धरतच नाही.

मी त्याला लिहिलं. पहिलं उत्तर आलं, "जुना धातू असाच असतो." दुसरं आलंच नाही, त्याने मला ब्लॉक केलं. पैसे पाठवणाऱ्या सेवेने सांगितलं की मित्र-नातेवाइकांना म्हणून पाठवलेल्या रकमेला खरेदीचं संरक्षण नसतं. तो पर्याय माझ्याच बोटाने निवडलेला होता. त्याने दाखवलेले फोटोही त्याचे नव्हते. इमेज सर्च केल्यावर ते एका जुन्या लिलावातले निघाले. हा शोध मी आधी घेतला असता तर दोन मिनिटं लागली असती.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते लेकीचं. आमच्याच शहरातल्या लेंटन भागात कंपनीचं वॉरहॅमर वर्ल्ड हे केंद्र आहे, तिथे ही सेना मांडून खेळायचं तिने ठरवलं होतं. तिथे कंपनीच्या अस्सल मूर्तीच चालतात. या विकून टाकू, असं मी एकदा बोललो, तर ती म्हणाली, "बाबा, मग आपण दुसऱ्या कुणाला तरी फसवणार." खोका आता माळ्यावर आहे. ती त्या घासायला बसणार होती, तेही मी थांबवलं. रेझिनची धूळ छातीत जाऊ द्यायची नसते.

काल तेच फोटो पुन्हा दिसले. विकणाऱ्याचं नाव वेगळं, किंमत वीस पौंडांनी कमी. लेकीने त्याला काट्यावरचा फोटो मागितला आहे. अजून उत्तर नाही.