निगेटिव्ह लक्षणं: मिथाइलफेनिडेट की कॅरिप्राझिन?

स्किझोफ्रेनियातले भास आणि संशय आटोक्यात आलेत, पण शुभार्थी (आजार असलेला माणूस) दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला, आंघोळ आठवड्यातून एकदा, बोलणं 'हं' एवढंच. उमेद आणि बोलणं असं आटतं, त्यालाच निगेटिव्ह लक्षणं म्हणतात. माझा धाकटा भाऊ असा असताना डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: भास-संशय आवरणाऱ्या चालू रिस्पेरिडोनला मिथाइलफेनिडेट या उत्तेजक गोळीची जोड, किंवा रिस्पेरिडोन हळूहळू काढून त्याच गटातलं कॅरिप्राझिन. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

मिथाइलफेनिडेटचा गुण लवकर दिसला, हे मान्य करायलाच हवं. तिसऱ्या दिवशी तो आपणहून दाढी करून बाहेर आला, आईला रडू आवरेना. मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन कमी पडल्याने उमेद आटते असं मानतात; ही गोळी ते वाढवते. पण ती जागा निवडत नाही. जिथे डोपामिन वाढल्याने आवाज ऐकू येतात, तिथेही ते वाढतं. म्हणून मूळ औषध चुकवून ही घेणं धोक्याचं. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याखाली येत असल्याने ती सगळ्या दुकानांत मिळत नाही. ते आम्ही सोसलं असतं.

सोसवलं नाही ते जागरण. साध्या गोळीचा असर चारेक तासांत उतरतो, की दुपारी तो पुन्हा गळून जायचा. दुसरी गोळी दिली की रात्री दोनपर्यंत टक्क जागा. आमच्याकडे आजार दोनदा उलटला, दोन्ही वेळा सुरुवात झोप उडण्यानेच झाली होती. मग हे जागरण गोळीचं की आजाराचं? तो कुणाशी बोलतोय का, हे ऐकत मी रात्री त्याच्या दाराशी उभा राहायचो. सहा आठवड्यांनी मीच डॉक्टरांना म्हटलं, थांबवू या.

कॅरिप्राझिन संथ आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ४६१ रुग्णांच्या २६ आठवड्यांच्या चाचणीत निगेटिव्ह लक्षणांवर ते रिस्पेरिडोनपेक्षा सरस ठरलं. उत्तेजकांवरचे अभ्यास बहुतेक छोटे आहेत. त्रास कॅरिप्राझिनचाही होतो. पहिले तीन आठवडे भावाला एका जागी बसवत नव्हतं, हॉलमध्ये सारख्या येरझाऱ्या. डॉक्टरांनी डोस दीड मिलिग्रॅमवरच ठेवला, तेव्हा त्या कमी झाल्या. पण येरझाऱ्या दिवसाउजेडी दिसतात, त्या कशाच्या हे डॉक्टरांना लगेच कळतं. रात्री झोप मात्र शाबूत राहिली.

तुमच्याकडे झोप पक्की असेल, आजार बरीच वर्षं स्थिर असेल, तर डॉक्टर कदाचित पहिली वाट सुचवतील, आणि ती चुकीची असेलच असं नाही. आमच्याकडे चौथा महिना संपत आला होता. मी ऑफिसातून उशिरा आलो, तर तो दारात येऊन म्हणाला, "दादा, जेवलास का?"