प्रॉडक्ट हंटवर लॉन्च: वापरकर्ते मिळतात, पण कोणते?

नवं सॉफ्टवेअर जगासमोर मांडायचं तर बहुतेकांना पहिलं नाव आठवतं ते प्रॉडक्ट हंटचं. या साइटवर रोज नवी प्रॉडक्ट मांडली जातात, लोक मतं देतात आणि त्यावरून दिवसाचा क्रमांक लागतो. २०१३ मध्ये रायन हूवरने ईमेल यादी म्हणून ते सुरू केलं, २०१६ मध्ये स्टार्टअप गुंतवणुकीच्या क्षेत्रातल्या एंजललिस्ट कंपनीने विकत घेतलं. लॉन्च करायला पैसे लागत नाहीत. डेव्हलपर, डिझायनर, मार्केटिंगवाले किंवा इतर स्टार्टअप यांच्या कामाचं काही बनवलं असेल तर इथे जरूर जा. किराणा दुकानदाराच्या उधारीचं किंवा सोसायटीच्या मेंटेनन्सचं ॲप असेल तर तोच आठवडा दुकानांत आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींकडे फिरण्यात घालवा. ते गिऱ्हाईक या साइटवर येत नाही.

इथला दिवस पॅसिफिक वेळेनुसार रात्री १२:०१ ला सुरू होतो. म्हणजे अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना आपल्याकडे दुपारी १२:३१, हिवाळ्यात १:३१. अमेरिकेचा पूर्व किनारा कामाला लागतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते, त्यामुळे प्रश्नांचा खरा ओघ रात्री असतो. कमेंटना पहाटेपर्यंत उत्तरं देणारा एक माणूस आधीच ठरवा. त्या दिवशी नवा कोड सर्व्हरवर चढवू नका.

पानाच्या तयारीत सगळ्यात जास्त वेळ टॅगलाइनला, म्हणजे प्रॉडक्टच्या एका ओळीच्या ओळखीला द्या. ६० अक्षरं मिळतात. 'एआयने तुमचं काम सोपं' यातून कुणाला काही कळत नाही; 'बिलाचा फोटो काढा, एक्सेलमध्ये नोंद मिळवा' या आशयाची ओळ वाचून माणूस पान उघडतो. लोगो २४० × २४० आणि गॅलरीतली चित्रं १२७० × ७६० पिक्सेलची ठेवा. पहिल्या चित्रात घोषवाक्य नको, चालू स्क्रीन दाखवा. पहिली कमेंट मेकरने, म्हणजे प्रॉडक्ट बनवणाऱ्याने, स्वतः टाकायची असते. प्रॉडक्ट कुणासाठी आहे, आत्ता काय जमत नाही आणि कशावर मत हवंय, एवढं तीन-चार ओळींत पुरे. नावाजलेला हंटर (दुसऱ्यांची प्रॉडक्ट तिथे पोस्ट करणारा) शोधत बसायची गरज नाही, स्वतःच पोस्ट करता येतं.

अपव्होट (पसंतीचं मत) थेट मागणं नियमात बसत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून सगळ्यांना त्याच दिवशी नवं खातं उघडायला लावलं, तर त्या मतांना फारसं वजन मिळत नाही. 'वापरून बघा आणि मत लिहा' एवढंच सांगा.

सगळ्यात मोठी अनिश्चितता 'फीचर्ड'ची. मुख्य पानावर कोण दिसणार हे त्यांची टीम ठरवते. निवड झाली नाही तर तुम्ही फक्त 'ऑल'च्या यादीत राहता आणि तिकडे फार कमी लोक बघतात. सहा महिन्यांची मेहनत या एका निवडीवर टांगणं मला चुकीचं वाटतं.

भारतीय टीमचं घोडं हमखास अडतं ते साइनअपपाशी. लॉगिनला फक्त +९१ नंबरवर ओटीपी असेल तर परदेशातून आलेला माणूस तिथूनच परत जातो. ईमेल किंवा गूगल लॉगिन हवंच. पेमेंट गेटवेवर आंतरराष्ट्रीय कार्डांची परवानगी सहसा वेगळी घ्यावी लागते, ती काही आठवडे आधी मागा. नव्या डोमेनवरून एकाच दिवसात शेकडो पडताळणी ईमेल गेले की ते स्पॅममध्ये पडतात. मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे दाखवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क नोंदी आधी लावा, ईमेल सेवेची रोजची मर्यादाही तपासा.

क्रमांकापेक्षा सातव्या दिवशी परत आलेल्यांची संख्या बघा. इथले बरेच पाहुणे स्वतः मेकर असतात. कुतूहलाने येतात, चांगला अभिप्राय देतात आणि निघून जातात. अभिप्रायासाठी ही जागा मला उत्तम वाटते, पहिल्या पैसे देणाऱ्या ग्राहकासाठी मध्यम.

अँड्रॉइड ॲप असेल तर खरे पहिले वापरकर्ते मिळवायची एक सोय तुमच्या हातातच आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले कन्सोल खात्याला (गूगल प्लेवर ॲप टाकायचं खातं) ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले ठेवावे लागतात. ती संख्या एकमेकांचे टेस्टर होणाऱ्या डेव्हलपरांच्या ग्रुपमधून भरू नका. ज्यांच्यासाठी ॲप केलंय असे पंधरा-सोळा जण घ्या, म्हणजे दोघं-तिघं गळाले तरी मोजणी तुटत नाही, आणि दर दोन दिवसांनी त्यांना फोन करून ॲप कुठे अडलं ते विचारा.