टेलि-मानस (१४४१६) : आईसाठी केलेल्या एका फोनबद्दल

वडिलांना जाऊन सात महिने झाले. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही आईला गावाहून नाशिकच्या फ्लॅटमध्ये आणले आणि दहावीतल्या मुलाने आपली खोली आजीला दिली. तेव्हापासून ती रात्री दोनला उठते, पदर खोचते आणि दाराकडे निघते. गावी शेतीपंपाची लाइट ज्या आठवड्यात रात्रीची असे, त्या आठवड्यात वडील मोटर चालू करायला जात आणि ही बॅटरी घेऊन त्यांच्या मागे असे. "लाइट आली असंल," एवढेच ती म्हणते. मी तिला झोपवते आणि स्वतः पहाटेपर्यंत जागी राहते.

आधी पैसे भरून एका ॲपवर समुपदेशन घेतले. तिथे मराठीचा पर्याय दिसत होता, पण समोरची व्यक्ती हिंदीत बोलली, आणि रात्रीची लाइट म्हणजे काय हे समजावण्यातच माझा निम्मा वेळ गेला.

त्यानंतर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन केला. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची मध्यवर्ती संस्था आहे. फोन प्रथम प्रशिक्षित समुपदेशक घेतात आणि गरज वाटल्यास तो मानसोपचारतज्ज्ञांसारख्या जाणकारांकडे सोपवला जातो.

माझ्याशी बोलणाऱ्या ताई मराठीच होत्या. "काळ हेच औषध" असे त्यांनी एकदाही म्हटले नाही, याचे मला फार बरे वाटले, कारण सात महिने सगळे नातेवाईक तेच सांगत आहेत. आई जेवते का, वजन उतरले का, दिवसा तिच्या हाताला काही काम आहे का, असे त्या एकेक विचारत गेल्या. आणि मग, जगणे नको झाले आहे असे आई कधी बोलते का, हे त्यांनी सरळ विचारले. मी गप्प झाले. हा प्रश्न घरात कोणी तोंडातून काढला नव्हता. असे विचारल्याने मनात नसलेला विचार रुजत नाही, उलट माणूस बोलता होतो, हे त्यांनी शांतपणे समजावले आणि आईला हेच विचारण्याचा धीर दिला.

त्या रात्री दोनला मी तिला परत झोपवले नाही. शेजारी बसून विचारले. बराच वेळ ती बांगड्या नसलेल्या मनगटावरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "मरायचं नाही गं मला, घरी जायचंय."

आम्ही तिच्या भल्यासाठी म्हणून तिचे घर, गोठा आणि शेजारीण एकाच दिवशी सोडायला लावली होती, हे मला त्या उत्तराने कळले. आता ती महिन्यातले पंधरा दिवस गावी काकूंजवळ राहते. तिकडे असताना ती रात्री उठते की नाही, हे मी काकूंना रोज विचारते.

अर्थात, फोनवरचे बोलणे म्हणजे दीर्घ उपचार नव्हेत. झोप आणि भूक अशीच राहिली तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे, असे त्या ताईंनीच बजावले आहे आणि त्याप्रमाणे आम्ही जाणारही आहोत. पुढच्या फोनला आईलाच बसवायचे ठरले आहे. "बाई असल्या तरच बोलीन," अशी तिची अट आहे.